करंजावरचं आलवण

त्या वैशाखात मी सत्तावीस वर्षांची होते आणि सोळा वर्षं पोहले नव्हते. माझे वडील रेल्वेत होते. एका लहानशा स्टेशनाजवळच्या मळ्यातल्या विहिरीत त्यांनी माझ्या पाठीला वाळका भोपळा बांधून मला पाण्यात सोडलं होतं, तेव्हा मी सहा वर्षांची असेन. अकराव्या वर्षी आईनं सांगितलं, आता पुरे. परकराच्या जागी साडी आली आणि विहीर बंद झाली. साडी नेसून पाण्यात उतरता येतं, पण पोहता येत नाही. निऱ्यांत पाणी भरलं की पाय कुणी धरून ठेवल्यासारखे होतात. लग्न होऊन उज्जैनला आले तेव्हा मला सगळ्यात आधी आनंद कशाचा झाला असेल तर घराजवळ नदी आहे याचा. पण क्षिप्रेवर आम्ही बायका जायचो ते स्नानाला. लुगड्यासकट तीन बुड्या मारायच्या, ओल्या अंगानं घाटावर यायचं, कुणीतरी आडोसा धरायचा. पाणी समोर असायचं आणि मी कमरेइतक्या पाण्यात उभी असायचे.

घरात आम्ही तिघं. हे मध्यभारत सरकारच्या पाणीपुरवठा खात्यात ओव्हरसियर होते. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. आणि माझ्या सासूबाई, ज्यांना सगळे माई म्हणत. त्यांच्या सासरचं घराणं शिंदेशाहीत पिढ्यान्‌पिढ्या दफ्तर सांभाळणारं, त्यामुळे रीतभात जुनी. माईंना तिशीच्या आत वैधव्य आलं आणि त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे त्यांचं केशवपन झालं. तेव्हापासून त्या लाल आलवण नेसायच्या. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, आलवण म्हणजे विधवेनं नेसायचं एकरंगी लाल लुगडं, आणि त्याचा पदर डोक्यावरून कधी ढळू द्यायचा नाही. चार वर्षं मी त्यांच्याबरोबर एका घरात राहत होते, पण त्यांचं डोकं मी एकदाही उघडं पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी सिंहस्थ होता. शाळा लवकर सुटल्या, गावात माणूस मावेना. हे मेळ्याच्या नळांच्या कामात बुडून गेलेले. त्यातच सगळ्या कचेऱ्यांत दुसरीच धामधूम होती, कारण मध्यभारत मोडून नवा प्रांत होणार हे ठरलं होतं. राजधानी कुठे जाणार, कुणाची बदली कुठे होणार, यावर माणसं पैजा लावत. आमच्याकडे चहाला येणारा प्रत्येक जण नवं गाव सांगून जाई. मला वाटायचं, सगळंच हलणार आहे, तर काहीही होऊ शकतं. मनात सारखी एक हुरहूर असायची, आणि ती भीतीची नव्हती.

एके दिवशी ह्यांनी घरी येऊन विचारलं, की इंग्रजी बोलणारी बाई हवी आहे, येशील का. गावातल्या एका कापडगिरणीत नवी यंत्रं बसवायला जर्मनीहून एक इंजिनियर आले होते. त्यांची थोरली बहीण त्यांच्यासोबत गिरणीच्या बंगल्यात राहत होती. तिला शाही स्नान पाहायचं होतं आणि बरोबर कुणीतरी बाई असावी असं भावाचं म्हणणं होतं. मी लगेच हो म्हटलं. इंग्रजी मी शिकवत होते, पण इंग्रजीत कुणाशी बोलले मात्र कधी नव्हते.

त्या पंचावन्नच्या आसपासच्या, उंच, हाडापेरानं मोठ्या. पायात पुरुषी बूट, डोक्याला रुमाल. गिरणीतले लोक त्यांना मॅडम म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांचं इंग्रजी माझ्याहून कच्चं होतं, आणि हे कळताच माझी जीभ सुटली. त्या त्यांच्या गावी मुलींच्या शाळेत व्यायाम शिकवत असत. दोघी मास्तरणी आहोत म्हटल्यावर टांग्यातच आमची मैत्री झाली.

राम घाटावर ह्यांच्या खात्याच्या लोकांसाठी एक मचाण बांधलं होतं, तिथे आम्ही पहाटेपासून बसलो. नागा साधूंचे आखाडे येऊ लागले तेव्हा मी मान खाली घातली. मला त्यांची लाज वाटत नव्हती, त्यांना मी लहानपणापासून नमस्कार करत आले होते. मला मॅडमची लाज वाटत होती. ही बाई आपल्या गावी जाऊन सांगेल, की हिंदुस्थानात हजारो माणसं कपड्यांशिवाय रस्त्यानं चालतात, आणि तिकडचे लोक हसतील. मी मनात इंग्रजी वाक्यं जुळवत होते, त्याग, वैराग्य, वगैरे. मॅडम मात्र अगदी शांतपणे पाहत होत्या. भस्म लावलेले साधू धावत पाण्यात शिरले, पाणी उडालं, एक म्हातारा साधू लहान मुलासारखा हसत बुडी मारून वर आला, तशा मॅडमही हसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, की यांना पाहून मला घरची आठवण झाली.

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. त्यांच्या गावाजवळ समुद्र आहे, आणि तिथल्या वाळूच्या एका पट्ट्यावर लोक असेच असतात. साधू नाहीत, साधी माणसं. डॉक्टर, पोस्टमास्तर, शाळेतल्या बाया, नवराबायको, म्हातारे. मी विचारलं, म्हणजे कमी कपड्यांत. त्या म्हणाल्या, म्हणजे कपड्यांशिवाय. तीन वेळा विचारून झाल्यावर माझी खात्री पटली की इंग्रजी बरोबर आहे.

स्नानाचा सगळा कोलाहल खाली चालू होता, आणि मी मचाणावर बसून त्या समुद्राबद्दल प्रश्न विचारत होते. तिथे म्हणे वाळूवर एक पाटी असते. पाटीच्या अलीकडे पोहण्याचे कपडे घालून बसायचं, पलीकडे हवं तर काढायचे. हवं तर, हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. सक्ती कुणावर नाही. त्या स्वतः पहिल्यांदा गेल्या तो अख्खा दिवस बंद गळ्याचा झगा घालून बसल्या होत्या आणि एकानंही त्यांना का म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ऊन लागलं म्हणून त्यांनी झगा काढला, तेव्हाही कुणी विचारलं नाही. पोस्टमास्तर म्हणे फक्त चष्मा आणि टोपी घालून वर्तमानपत्र वाचत बसत, आणि समोरून गेलं की टोपी उचलून नमस्कार करत. लढाईत मॅडमचे यजमान गेले होते. लढाई संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात त्या पुन्हा तिथे गेल्या, आणि समुद्रात शिरल्यावर त्यांना पहिल्यांदा झोप आल्यासारखं बरं वाटलं, असं त्या म्हणाल्या.

मी विचारलं, पोहताना कसं वाटतं. त्या म्हणाल्या, "पाण्याला तुमच्यापासून काही सोडवून घ्यावं लागत नाही."

या वाक्यानं मला पछाडलं. टांग्यातून परत येताना टावर चौकात आम्ही उसाचा रस प्यायलो, गर्दीतून वाट काढत घरी आलो, आणि माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

घरी आल्यावर मला राहवेना. जेवताना मी सगळं सांगून टाकलं. हे म्हणाले, ऑफिसातल्या कुणाच्या बायकोला हे सांगू नकोस. आणि पानावरून उठले. मी माईंकडे पाहिलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पदर सारखा केला आणि विचारलं, की वाळू अंगाला चिकटत नाही का.

मला काही ते माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी मॅडमना विचारलं आणि उत्तर आणलं: प्रत्येक जण आपापला टॉवेल अंथरून बसतो. माई म्हणाल्या, बरोबर आहे. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, सासू आणि सून एकाच वेळी जातात का. मॅडम म्हणाल्या, जातात, आणि सासू वाळूवर बसून सुनेला पोहण्यातल्या चुका सांगते. माई खूप हसल्या. मग हे रोजचंच झालं. आमच्या घरून गिरणीच्या बंगल्यात प्रश्न जायचे आणि उत्तरं परत यायची. थंडी वाजत नाही का. म्हाताऱ्या बायका कुठे बसतात. आजारी माणूस गेला तर. आणि एकदा, अगदी सहज, भाजी निवडताना: ज्यांच्या डोक्यावर केस नाहीत अशा कुणी बाया तिथे येतात का.

हा प्रश्न मी मॅडमना विचारला तेव्हा कारणही सांगितलं. त्या मग म्हणाल्या, तिथे एक बाई यायची, तिचे केस आजारात गेले होते. ती टोपी घालून यायची आणि पाण्यात शिरताना टोपी काठावर ठेवायची. मी घरी येऊन माईंना तेच सांगितलं. भाजी निवडून झाली, टोपली उचलून त्या आत गेल्या.

आमच्याकडे दूध घालणारी बाई नदीच्या वरच्या अंगाला, दोन कोसांवरच्या खेड्यातून यायची. माळवी बोलायची, आवाज मोठा, हातात चांदीची जाड कडी. एका सकाळी माईंनी तिच्यासमोरच त्या समुद्राचा विषय काढला. मला वाटलं, ही बाई आता तोंडाला पदर लावेल. तिनं दुधाचं माप तसंच हातात धरून सगळं ऐकलं आणि म्हणाली, "ईमें कई नवी वात, बेनजी? म्हारा गाम की बायाँ तो रोज असी न्हाय."

यात नवीन ते काय, आमच्या गावच्या बाया तर रोज अशाच अंघोळ करतात. मी तिला खाली बसवलं आणि नीट सांगायला लावलं. त्यांच्या गावाबाहेर नदी वळण घेते आणि तिथे एक डोह आहे. दुपारी जेवणं झाली की पुरुष सावलीला पडतात, आणि डोह बायकांचा होतो. वाटेवरच्या करंजाच्या झाडावर एक लुगडं टांगायचं. लुगडं दिसलं की पुरुष माणूस, मग तो पाटील असो की पटवारी, तिथूनच मागे फिरतो. डोहावर कुणी घागरा ठेवून न्हातं, कुणी काहीच ठेवत नाही. ज्याची त्याची मर्जी. हे कधीपासून, असं मी विचारलं, तर ती म्हणाली की तिच्या आजेसासूलाही ते माहीत नव्हतं.

मला हसू आवरेना. मी सातासमुद्रापलीकडची वाळू ऐकून वेडी झाले होते, आणि चार वर्षं रोज सकाळी ही बाई त्याच डोहावरून माझ्या दारात दूध आणत होती. मी त्याच दुपारी मॅडमकडे धावले. त्यांनी ऐकलं, उठून कपाटातून टॉवेल काढला आणि विचारलं, कधी जायचं.

ह्यांना न सांगता जाणं मला पटेना. त्या संध्याकाळी वाढताना मी सांगितलं, की आम्ही दूधवालीच्या गावच्या डोहावर पोहायला जाणार आहोत, तिथे फक्त बायका असतात. पुढचं मी बोलले नाही, पण त्यांना समजलं होतं. ते जेवत राहिले. ताकाचा पेला खाली ठेवून ते म्हणाले, "डाव्या अंगाला खडकाखाली दोन पुरुष खोल पाणी आहे, आम्ही मोजलंय. तिकडे जाऊ नका. उजवीकडे वाळू आहे."

एवढंच. सोळा वर्षांनी मला पाण्यात उतरायची परवानगी मिळाली होती आणि ती पाणीपुरवठा खात्याच्या मोजणीच्या रूपानं आली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले.

निघायच्या दिवशी माई तयार होऊन ओसरीवर बसलेल्या. हातात एक गाठोडं. मी विचारलं, तुम्ही कुठे निघालात. त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघी पाण्यात असाल. कपड्यांकडे कोण बघणार?"

दूधवालीच्या मुलीच्या सासरची बैलगाडी होती. ऊन चांगलंच तापलं होतं. मॅडम, माई आणि मी, तिघी छताच्या चटईखाली दाटीवाटीनं बसलो. मला गाडी हळू चालतेय असं वाटत होतं. वाटेत साधूंचे तांडे भेटत होते, परतीला लागलेले. मॅडम आणि माई एकमेकींना एक शब्द कळत नसताना बोलत होत्या. माई मराठीत विचारत, मॅडम जर्मनमध्ये सांगत, आणि मी मध्ये पडले की दोघींचाही विरस होई.

करंजापाशी गाडी थांबली आणि गाडीवान बैल घेऊन गावाकडे गेला. दूधवाली आधीच येऊन थांबली होती, पण ती गोंधळली होती. रोज लुगडं टांगणारी बाई माहेरी गेली होती आणि हिनं स्वतः नेसलेलं लुगडं मातकट, दुरून झाडाच्या खोडात मिसळून जाणारं. मेळ्यामुळे वाटेनं अनोळखी माणसं जात होती, त्यांना दिसायला तर हवं. ती म्हणाली, मी वाटेवर बसून राहते. मला ते बरं वाटेना. आमच्यासाठी तिनं का उन्हात बसावं.

तेव्हा माई म्हणाल्या, की माझं लाल आहे, लांबून दिसेल.

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. गाठोड्यात दुसरं कोरडं आलवण होतंच, तेही लाल, तेही दिसलं असतं. मी तसं म्हणणारही होते. पण माईंनी गाठोडं गाडीतच ठेवलं होतं आणि त्या झाडाआड गेल्या होत्या. थोड्या वेळानं त्यांचा हात बाहेर आला, त्यात घडी न केलेलं आलवण. दूधवालीनं ते घेतलं, फांदीवर फेकलं आणि दोन्ही टोकं खाली सोडली. वाऱ्यानं ते फुगलं. खरोखरच कोसभरावरून दिसलं असतं.

माई झाडाआडून बाहेर आल्या त्या अंगाला मॅडमचा मोठा टॉवेल गुंडाळून. डोकं उघडं. पांढरे, बोटभरही नसलेले खुंट, आणि त्यांच्या मधून दिसणारी लहानशी गोल कवटी. माझी नजर खाली गेली आणि मग मॅडमनी सांगितलेला त्या वाळूवरचा पहिला नियम आठवला, की पाहू नका आणि न पाहण्याचं सोंगही करू नका. मी वर पाहिलं. माई म्हणाल्या, चल, पाय भाजतायत.

डोहावर आठदहा बाया होत्या, गावाकडच्या वाटेनं नुकत्याच आलेल्या. खरंच, कुणी घागऱ्यात, कुणी तशाच. एक म्हातारी खडकावर बसून दगडानं टाचा घासत होती. आम्ही आलो तेव्हा त्यांनी आमच्याकडे पाहिलं, म्हणजे मॅडमकडे पाहिलं. मॅडम काठावर बूट हातात घेऊन उभ्या. इतक्या वर्षांची सवय असलेली ही बाई तिथे सगळ्यात जास्त लाजली. त्यांनी मला विचारलं, यांना चालेल ना. मी म्हाताऱ्या बाईला हिंदीत विचारलं. ती म्हणाली, नदी क्या पूछती है. मॅडमनी झगा काढला. त्यांच्या पाठीवर आणि खांद्यावर तपकिरी ठिपकेच ठिपके होते. एका बाईनं जवळ येऊन बोटानं एक ठिपका चोळून पाहिला, जातो का. गेला नाही. तिनं विचारलं, हे दुखतं का. मी भाषांतर केलं, मॅडम हसल्या, आणि मग सगळ्याच हसल्या.

मी साडी सोडली. परकर तसाच ठेवून पाण्यात गेले. कमरेपर्यंत गेल्यावर परकरात हवा भरली आणि तो माझ्याभोवती छत्रीसारखा वर आला. दोन पावलं टाकली तर तो पायांत गुंडाळला. मी तिथेच उभी राहिले, ओळखीच्या जागी, कमरेइतक्या पाण्यात. मग नाडी ओढली. परकर काठाकडे फेकला, चोळीही फेकली, आणि पुढे झेप घेतली.

पोहणं मी विसरले असेन अशी भीती होती. हात आपोआप निघाले. वरचं पाणी उन्हानं कोमट होतं आणि वीतभर खाली गार, आणि मी त्या दोन्हींच्या मधून जात होते. कुठेच काही अडकत नव्हतं. पाय मोकळे होते. लहान मासे पोटरीला टोचून पळत होते. मी पलीकडच्या काठापर्यंत गेले, खडकाला हात लावला, परत आले, पुन्हा गेले. दम लागला तरी थांबवेना. मॅडम बेडकासारखे पाय झाडत माझ्या शेजारून गेल्या आणि जाता जाता सांगून गेल्या की माझा डावा हात चुकतोय. मी मोठ्यानं हसले, नाकात पाणी गेलं, खोकत खोकत पोहत राहिले. इतका आनंद मला आधी कधी झाला होता का, हे आठवत नाही. झाला असेल तर मी लहान होते आणि मला तो आनंद आहे हे कळलं नसेल.

मी काठाकडे पाहिलं तेव्हा माई पाण्यात बसल्या होत्या. टॉवेल खडकावर. गळ्यापर्यंत पाणी. टाचा घासणारी म्हातारी त्यांच्या मागे येऊन बसली होती आणि काही न विचारता ओंजळीनं त्यांच्या डोक्यावर पाणी घालत होती, मग तळहातानं डोकं चोळत होती, जसं सगळ्यांचं चोळतात तसं. माईंनी डोळे मिटले होते.

तेवढ्यात वाटेवर चिमट्याचा खणखणाट ऐकू आला. सगळ्या गळ्यापर्यंत पाण्यात गेल्या. करंजापाशी एक नागा साधू येऊन उभा राहिला होता. जटा, भस्म, हातात चिमटा आणि कमंडलू, अंगावर सूत नाही. तो झाडावरच्या आलवणाकडे पाहत होता. दूधवाली ओरडली, की बाबाजी, इथे बाया न्हातायत.

साधू तिथल्या तिथे वळला. आमच्याकडे पाठ करून झाडाखाली मांडी घालून बसला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "नहाओ माई, आराम से नहाओ. हमारा मुँह उधर है."

मॅडमनी मला विचारलं, तो काय म्हणाला. मी सांगितलं. त्यांनी पाण्यातून त्या उघड्या पाठीकडे पाहिलं, फांदीवरच्या लुगड्याकडे पाहिलं, आणि त्यांना असं काही हसू फुटलं की त्या बुडताहेत की काय असं मला वाटलं. त्यांचं हसू आमच्यात पसरलं. दूधवाली हसली, म्हातारी हसली. माई तोंडावर हात धरून हसत होत्या, आणि मग त्यांनी हात खाली घेतला. साधू हलला नाही. आम्ही घाई केली नाही, आणि त्यानंही घाई केली नाही. तासभर तरी तो बाभळीच्या रानाकडे तोंड करून बसून होता.

आम्ही कोरडे कपडे नेसून वर आलो तेव्हा तो उठला. दूधवालीनं गाडीतून आणलेलं दुसरं आलवण माईंनी नेसलं होतं, पदर डोक्यावर होता. त्यांनी खाली वाकून त्याला नमस्कार केला आणि दशमीचं फडकं त्याच्यासमोर धरलं. त्यानं दोन दशम्या घेतल्या, पाणी कसं आहे असं विचारलं. माई म्हणाल्या, "बहुत बढ़िया है, महाराज." माईंना हिंदी बोलायला आवडत नसे. तो मान हलवून डोहाकडे गेला.

त्या उन्हाळ्यात आम्ही सहा वेळा गेलो. मॅडमनी मला डावा हात सुधारून दिला आणि पाठीवर तरंगायला शिकवलं. माईंनाही शिकवायचा प्रयत्न केला, पण त्या मान सोडून देत नसत. मॅडम त्यांच्या मानेखाली हात धरत आणि माई डोळे घट्ट मिटून लाकडासारख्या ताठ होत. पहिला पाऊस झाला आणि डोह गढूळ झाला, तेव्हा ते थांबलं. गणपतीच्या सुमारास मॅडम भावाबरोबर परत गेल्या. स्टेशनावर त्यांनी माईंना तो मोठा टॉवेल दिला. माईंनी त्यांना काय द्यावं हे ठरवलं नव्हतं, म्हणून गाडी सुटताना हातातली दशमीची पुडी खिडकीतून आत टाकली.

दिवाळीच्या तोंडावर नवा प्रांत झाला. राजधानी भोपाळला गेली आणि ह्यांची बदलीही तिकडेच झाली. मी शाळा सोडली, सामान बांधलं. माई आमच्याबरोबर येणार हे ठरलेलंच होतं. निघायच्या आठवडाभर आधी त्यांनी सांगितलं, की मी थोरल्याकडे राहीन, महाकाळाला सोडून या वयात कुठे येऊ. थोरले दीर फ्रीगंजात राहत, त्यांची काही हरकत नव्हती. ह्यांनी खूप समजावलं. मी फारसं समजावलं नाही. दूधवाली आता फ्रीगंजातही दूध घालते, हे माईंनी आधीच चौकशी करून ठेवलं होतं, आणि ते मला ठाऊक होतं.

भोपाळला नव्या शाळेत मला इंग्रजीबरोबर व्यायामाचा तासही मिळाला, कारण घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. मोठं तळं समोर होतं. मुलींना पोहायला शिकवावं असा अर्ज मी पहिल्याच महिन्यात केला आणि तो नाकारला गेला. दुसरा केला, तोही नाकारला. तिसरा मंजूर झाला, पण त्याला आणखी तीन वर्षं लागली.

भोपाळला गेल्यावरच्या पहिल्याच चैत्रात मी एकटीच उज्जैनला आले. दिरांच्या घरी पोचले तर माई नव्हत्या. जाऊबाई वैतागून म्हणाल्या, की दर दोन दिवसांनी दुपारच्या त्या दूधवालीबरोबर तिच्या गावच्या देवीला जातात, या उन्हात, कुणाचं ऐकत नाहीत. मी हातपाय धुतले, चहाही घेतला नाही, आणि टांगा करून निघाले.

करंज नव्या पालवीनं भरला होता. टांगेवाल्याला मी लांबच थांबायला सांगितलं. डोहावर चारपाच बाया होत्या. माई मधोमध, पाठीवर, हात पसरून तरंगत होत्या. डोळे उघडे होते आणि आकाशाकडे लागले होते. मी काठावर येऊन हाक मारली. त्यांचे कान पाण्याखाली होते, त्यांना ऐकू आलं नाही. मी दुसरी हाक मारली नाही, पदराच्या पिना काढायला सुरुवात केली.